आतनं काहीतरी वाजतंय

सकाळी 8.45

जुलै महिन्यात साताऱ्यात दुकान उघडलं की पहिलं काम पुसण्याचं. रात्रभर पावसाची झड आत येते, टेबलावरचं रबरी मॅट ओलसर होतं. ते कोरडं केल्याशिवाय मी कुठल्याही मशीनला हात लावत नाही. बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतो आहे. ओल आणि घाई या दोन गोष्टींनी जितकी मशीनं मेलेली पाहिली, तितकी जुनेपणानं मेलेली पाहिली नाहीत.

कालचं राहिलेलं काम मांडून ठेवलं : दोन प्रिंटर, बिजागरी तुटलेला एक लॅपटॉप.

9.20

दारात रिक्षा थांबली. एक गृहस्थ खताच्या पोत्यात गुंडाळलेला मोठा खोका छातीशी धरून उतरले. मागे त्यांची मुलगी, हातात कीबोर्ड. दोघं मेढ्याहून पहाटेच्या एसटीनं आले होते. जुना डेस्कटॉप ऑनलाइन मागवलेला. कॅबिनेट, एकोणीस इंची मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, सगळं मिळून 9,500 रुपये. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून परवा उचलून घरी नेला, रात्री खोका उघडला, तर मॉनिटरची काच तडकलेली.

"कॅबिनेट पेटवून न्हाई बघितला, सर," ते म्हणाले. "पोरगीनं हलवला, म्हटली आतनं काहीतरी वाजतंय, बटण नको दाबायला."

मी मुलीकडे बघितलं. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही, काका. आमच्या मिक्सरमधून असाच आवाज येत होता. आम्ही तसाच लावला आणि जळला."

या मुलीनं रात्रीच अर्धी दुरुस्ती केली होती. आत सुटलेला धातूचा तुकडा मदरबोर्डवर पडलेला असताना बटण दाबलं, तर शॉर्टसर्किट होतं आणि जे वाचण्यासारखं असतं तेही जातं.

ती बारावी झाली आहे आणि संगणक टंकलेखनाच्या मराठी 30 च्या परीक्षेला बसते आहे. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिटाचं प्रमाणपत्र लागतं. क्लासमध्ये मशीन रोज एकच तास मिळतं. परीक्षा पाच आठवड्यांवर आली, म्हणून वडिलांनी भाताच्या लावणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून हे मशीन घेतलं.

9.40

कॅबिनेट बाजूला ठेवला आणि आधी खोकाच तपासायला घेतला. तो त्यांनी फेकला नव्हता, हे फार चांगलं झालं. मार कुठून बसला, किती बसला आणि माल कसा भरला होता, या सगळ्याचा पुरावा खोक्यातच असतो.

सहाही बाजूंचे फोटो काढले. एक कोपरा आत दबलेला, त्याच बाजूला पाण्याचा डाग. पत्त्याचं लेबल वाचता येईल असा एक फोटो वेगळा. मग आतलं भरण. मॉनिटर आणि कॅबिनेट एकाच खोक्यात, काचेची बाजू थेट कॅबिनेटच्या पत्र्याकडे, मध्ये वर्तमानपत्राचे चार बोळे. आठ-नऊ किलोचा लोखंडी डबा आणि पातळ काच अशी शेजारी बसवल्यावर पहिल्याच आदळण्यात काच जाणार होती. मॉनिटर वेगळ्या खोक्यात हवा. प्रत्येक वस्तूला सगळ्या बाजूंनी निदान दोन इंच फोम हवा. कॅबिनेटच्या आतल्या पोकळीतही बबल शीट भरलेली हवी, म्हणजे आतले जड भाग हलत नाहीत.

मॉनिटरचा निकाल तिथेच लागला. तडकलेलं पॅनल सांधता येत नाही, आणि नव्या पॅनलच्या किमतीत दुसरा जुना मॉनिटर येतो.

मग बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, मागितली. तिच्यावर "माल सुस्थितीत मिळाला" असं छापलेलं आणि खाली यांची सही.

"सही केल्याबिगर खोका देत न्हाईत," ते म्हणाले.

खरं आहे. पण सही करण्याआधी तिथेच पेनानं "खोका दबलेला, ओला, आतला माल तपासलेला नाही" एवढं लिहिता येतं. पुढे हीच एक ओळ कामाला येते. ती नसली तरी दावा संपत नाही, फक्त फोटोंवरचा भार वाढतो.

10.30

विकणाऱ्याला फोन लावला. पहिलं उत्तर अपेक्षित होतं तेच आलं : ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा. दुसरं : जुन्या मालाला गॅरंटी नसते.

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. जुना म्हणजे वापरलेला, जुना म्हणजे फुटलेला नव्हे. ग्राहकानं चालू मशीनचे पैसे मोजले आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या आधारे 2020 साली ई-कॉमर्सचे नियम आले. ऑनलाइन विकलेला माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत सांगितला तसा नसला, तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. वाहतूकदार विक्रेत्यानं निवडलेला, भरणही विक्रेत्याचं. मेढ्याच्या शेतकऱ्यानं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात खेटे का घालायचे?

मी आवाज चढवला नाही. "साहेब, तक्रार लेखी पाठवतो, उत्तर लेखीच द्या," एवढंच म्हटलं.

तक्रार मुलीनंच लिहिली. मी सांगितलं, राग लिहू नकोस, घडलं ते लिही. ऑर्डरचा क्रमांक, माल मिळाल्याची तारीख, काय फुटलंय, मशीन अजून सुरू केलेलं नाही, आणि आम्हाला काय हवं. बारा ओळी आणि नऊ फोटो. ज्या साइटवरून खरेदी झाली तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही तीच पाठवली. नियमानुसार त्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. त्याखेरीज 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या वहीत लिहून दिला. जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली, तर घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नसते आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही, हे ऐकल्यावर वडिलांचा चेहरा सैल झाला.

11.45

कॅबिनेट अजून बंदच. मदतनीस पोरगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दोनदा येऊन गेला. त्याला थांबवलं. विक्रेत्याच्या लेखी परवानगीशिवाय उघडलं, तर "तुम्हीच आत हात घातला" म्हणायला तो मोकळा होतो. तोवर कॅबिनेटला टेबलफॅनचा वारा लावून ठेवला. ओल लागलेल्या बोर्डाला गरम ब्लोअर मारायचा नसतो, साधा वारा आणि वेळ द्यायचा असतो.

मधल्या वेळात दोन्ही प्रिंटर उरकले.

दुपारी 1.00

बाप-लेकीनं बाकावर भाकरी सोडली, मीही डबा उघडला. लावणीचे दिवस असताना एक माणूस दिवसभर शेतातून उठून येतो, तो खाडा कुठल्याच भरपाईत धरला जात नाही. वाईट भरणाचा खरा खर्च तिथे असतो.

1.50

व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं. मॉनिटर बदलून देतो, कॅबिनेट तिथल्या तिथे उघडून फोटो पाठवा, बाकीचं बघू. मुलीनं लगेच स्क्रीनशॉट घेतला. आता हात लावायला हरकत नव्हती.

2.00

मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधला. मागच्या बाजूला एसएमपीएसवरचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, लाल सरकता खटका पाहिला. जुन्या एसएमपीएसवर 115 आणि 230 अशा दोन खुणा असतात. प्रवासात किंवा हाताळताना तो 115 वर सरकला आणि आपल्या 230 व्होल्टच्या प्लगला लावला, तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस जातो. हा 230 वरच होता.

पत्रा काढताना मदतनीस व्हिडिओ काढत होता. वाजत होतं ते दिसलं. प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आणि वरचा पंखा, सुटून तळाशी पडला होता. त्याच्या चार प्लास्टिक खिट्ट्यांपैकी दोन तुटलेल्या. पडताना त्यानं एक रॅम खाचेतून अर्धी उचकटली होती. या अवस्थेत बटण दाबलं असतं तर तो ठोकळा उघड्या टाक्यांवर टेकला असता. टेकला नसता, तरी कूलरशिवाय प्रोसेसर काही क्षणांत तापला असता.

भिंग लावून बोर्ड इंच-इंच पाहिला. कपॅसिटर सगळे उभे, कुठे ओरखडा नाही. प्रोसेसर चौथ्या पिढीचा कोअर आय-5, त्याच्या सॉकेटमध्ये 1150 बारीक पिना असतात, एक वाकली तरी मशीन उठत नाही. पण वरची लोखंडी पट्टी घट्ट होती, म्हणून तो उचकटून बघायच्या फंदात पडलो नाही. जे हललेलं नाही ते हलवायचं नाही.

3.15

एसएमपीएस बोर्डापासून सोडवून एकटा तपासला. 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली की तो सुरू होतो. मीटरवर 12.08, 5.06 आणि 3.31 व्होल्ट. पाच टक्के वर-खाली चालतं, म्हणजे 12 च्या जागी 11.4 ते 12.6. हा ठणठणीत होता.

बोर्डावरचा नाण्याएवढा सेल मात्र 3 व्होल्टऐवजी 2.4 दाखवत होता. तो मार लागून नव्हे, वयानं उतरलेला. विक्रेत्याला पाठवायच्या यादीत तो घातला नाही. आपली बाजू खरी असली की यादी चोख ठेवावी, एका फुगवलेल्या ओळीनं बाकीच्या खऱ्या ओळी पडतात.

4.00

रॅमचे सोनेरी दात आयसोप्रोपिलनं पुसले, प्रोसेसरवरची जुनी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, माझ्याकडचा कूलर बसवला. हार्डडिस्क न जोडता, एकाच रॅमवर सुरू केलं. एक छोटा बीप, आणि पडद्यावर 2013 सालची तारीख. सेल उतरलेल्या मशीनला आपलं वर्ष आठवत नाही. तारीख बरोबर केली, दुसरी रॅम लावली, मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, चालू केली. एक फेरी पूर्ण व्हायला पाऊण तास लागला, एकही चूक नाही.

5.15

हार्डडिस्क जोडली आणि मुलीनंच मान हलवली. टक्, टक्, टक्. आत मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचणारं हेड केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. आदळलं की आधी तेच जातं. ही परत येणार नव्हती.

तिच्या जागी 256 जीबीची एसएसडी सुचवली. तिच्यात हलणारा भाग नसतो, म्हणून एसटीच्या धक्क्यांची भीती नाही.

गेलेली हार्डडिस्क मी भंगारात टाकत नाही. ती कुठल्यातरी ऑफिसातून आलेली, तिच्यात त्या ऑफिसचे कागद असू शकतात. ती विक्रेत्याकडे परत जाईल असं बाजूला लिहून ठेवलं.

6.15

हिशेब मांडला. कूलर, पेस्ट, एसएसडी मिळून 2,350 रुपये. वडिलांना स्पष्ट सांगितलं : "पाव्हणं, सगळं परत करून पूर्ण पैसे मागायचा तुमचा हक्क आहे. दुरुस्त करून ठेवलंच पाहिजे असं नाही."

त्यांनी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "परत दिलं तर दुसरं यायला पंधरा दिवस. मला आजपासून सराव पाहिजे."

व्हिडिओ, फोटो, मीटरचे आकडे आणि बिल विक्रेत्याला पाठवलं. अर्ध्या तासात 2,350 रुपये वडिलांच्या खात्यावर आले आणि मॉनिटर सोमवारी निघेल असं लेखी आलं. सकाळी फोनवर हेच मागितलं असतं तर मिळालं नसतं. मिळालं ते क्रमानं जमवलेल्या पुराव्यामुळे.

6.45

विंडोज 10 टाकली. लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असल्यानं ती आपोआप चालू झाली. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्ट या पिढीचा प्रोसेसर धरत नाही आणि 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणून मुलीला सांगितलं, यावर टायपिंगचा सराव खुशाल कर, बँकेचे व्यवहार मात्र नकोत. पुढे सराव संपला की लिनक्स टाकून देईन.

तिनं कीबोर्ड जोडून मराठीत एक परिच्छेद टंकला. माझ्या दुकानातला जुना मॉनिटर नवा येईपर्यंत तिच्याकडे राहील.

7.40

शेवटची एसटी गाठायची होती. यावेळी खोका मी भरला. मॉनिटर वेगळा, काचेवर पुठ्ठा. कॅबिनेटच्या पोकळीत बबल शीट. मग तो उभा न ठेवता आडवा निजवला, मदरबोर्डाची बाजू खाली, म्हणजे कूलर लटकत नाही, बोर्डावर बसून राहतो. घरी गेल्यावर ती शीट काढल्याशिवाय सुरू करायचं नाही, हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

8.30

शटर ओढायच्या आधी हे लिहितो आहे, कारण असा खोका आज ना उद्या तुमच्याही दारात येईल. सही करण्याआधी बिल्टीवर शेरा लिहा. खोका उघडताना व्हिडिओ काढा आणि खोका जपून ठेवा. मशीन हलक्या हातानं हलवून कान द्या. आतून काही वाजलं तर बटण दाबू नका. आणि जुनी मशीनं विकणाऱ्यांनो, दोन इंच फोम जास्त घाला, त्या खोक्याची वाट बघत कुणीतरी परीक्षेचे दिवस मोजत असतं.