बैलाला शेळीची लस का चालते?

लम्पी त्वचारोगाची साथ 2022 साली महाराष्ट्रभर पसरली, तेव्हा गाई-बैलांना टोचली गेली ती मुळात शेळ्यांच्या देवीसाठी तयार झालेली लस होती. दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या बीडच्या मजुरांची हंगामाची कमाई बैलांवरच उभी असल्याने, शेळीची लस बैलाला कशी चालते हा प्रश्न त्यांच्या पोटाशी जोडलेला होता. त्याचे उत्तर विषाणूच्या रचनाप्रथिनांत, म्हणजे ज्या प्रथिनांनी विषाणूचा कण प्रत्यक्ष बांधलेला असतो त्यांत, सापडते.

देवीच्या कुळातल्या लम्पीच्या विषाणूचा जनुकसंच सुमारे 1 लाख 51 हजार अक्षरांचा असून 2001 साली तो संपूर्ण वाचला गेला, तेव्हा त्यात 156 जनुके असावीत असा अंदाज बांधण्यात आला. या सलग मजकुरात शब्द तोडून लिहिलेले नसल्यामुळे, प्रथिनाचा आरंभ आणि शेवट सुचवणाऱ्या तीन-तीन अक्षरी संकेतांमधले अखंड, पुरेसे लांब पट्टे संगणकाने शोधले जातात आणि ते माणसांच्या देवीवरील लसीतल्या ‘व्हॅक्सिनिया’ या विषाणूच्या जनुकांशी ताडून पाहिले जातात, कारण त्या जनुकांची कामे पुष्कळशी आधीच उलगडलेली आहेत. साम्यावरून अर्थात केवळ सुगावा लागतो. शुद्ध केलेल्या विषाणुकणात ते प्रथिन खरोखर सापडले, तरच ते रचनाप्रथिन ठरते.

‘पी-32’ हे त्यांतले सर्वांत अभ्यासलेले प्रथिन होय. त्याचे जनुक 969 अक्षरांचे, म्हणजे 323 त्रिकांचे. शेवटचे त्रिक थांब्याचे असल्याने प्रथिनात 322 अमिनो आम्ले येतात. ते विषाणूच्या आवरणात असते आणि जनावराचे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूला ओळखून चिकटणारी प्रथिने, तयार करते. मेंढीची देवी, शेळीची देवी आणि लम्पी या तिन्ही विषाणूंचे जनुकसंच सुमारे 96 टक्के जुळतात व त्यांचे पी-32ही जवळजवळ सारखेच असते, म्हणून शेळीच्या लसीने जागी झालेली प्रतिकारशक्ती लम्पीलाही ओळखते.

हेच साम्य निदानात मात्र आड येते. पी-32 जनुकाच्या चाचणीने या गटातला विषाणू आहे एवढे कळते. तो नेमका कोणता, यासाठी अधिक भेद असलेली जनुके तपासावी लागतात. लस टोचलेल्या आणि आजारातून उठलेल्या बैलांच्या रक्तात सारखीच प्रतिपिंडे आढळत असल्याने, दोघांत फरक दाखवील अशी लस घडवायची तर प्रतिपिंडे जागवणारे, पण लसीतून वगळले तरी संरक्षण कमी होणार नाही, असे एखादे प्रथिन आणि त्याचे जनुक आधी हुडकून काढावे लागते.