गाडी पुढे जाते, भाषा बदलते

आम्ही दोघेही शिक्षक. उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवतो. उर्दूच्या तासाला मुलांच्या वह्यांतून एक अक्षर आम्ही वर्षानुवर्षे लाल शाईने खोडत आलो आहोत. ते अक्षर म्हणजे 'च'. 'मैं कलच आया', 'उसकूच दिया'. आमच्या मिरजेकडची मुले जशी बोलतात तशी लिहितात आणि आम्ही समासात शेरा मारतो, 'ही मराठीची भेसळ आहे.' मराठीच्या तासाला नेमके उलटे. तिथे 'ळ'चा 'ल' झाला की लाल शाई.

चार वर्षांपूर्वी आमची थोरली नववीत होती. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला पहिला नंबर मिळाला. बक्षीस देताना पाहुणे कौतुकाने म्हणाले, "मुस्लिम असूनही किती शुद्ध मराठी!" टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात नात्यातल्या एका लग्नात वडीलधाऱ्या बाईंनी तिला जवळ बसवून समजावले, "बेटी, मुसलमान की बच्ची है तू. घर में तो साफ उर्दू बोला कर." दोघांचाही हेतू वाईट नव्हता. पण त्या रात्री पोरगी जेवली नाही. "अम्मी, अब्बा, अपनी जबान कौनसी?" एवढेच तिने विचारले. आम्ही शिक्षकी उत्तर दिले, "दोन्ही आपल्याच." ती म्हणाली, "याने एक भी नहीं."

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. मे महिन्याची सुट्टी मात्र होती.

मिरजेवरून पूर्णा एक्स्प्रेस आठवड्यातून एकदा केरळला जाते. दादीचे गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे त्या घरीच राहिल्या आणि आम्ही दोघे, थोरली व धाकटा असे चौघे निघालो. ही गाडी लोंढ्यावरून कॅसलरॉकचा घाट उतरते, दूधसागरच्या धबधब्याजवळून गोव्यात शिरते आणि मग कोकण रेल्वेच्या मार्गाने समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला जाते. धाकट्याने एक खेळ काढला. स्टेशनची पाटी आली की वहीत लिपी काढायची. मिरजेची मराठी, मग कानडी, मग मल्याळम. बसल्या जागी त्याच्या वहीची तीन पाने भरली. डब्यात भटकळचे एक कुटुंब होते. ही नवायत मंडळी. त्यांची बोली कोकणीची बहीण, पण लिहितात ती अरबी-फारसी लिपीत. त्यांच्या घरगुती गप्पांतले निम्मे शब्द आमच्या मुलांना न शिकवता कळत होते. थोरली खिडकीकडे तोंड करून बसली होती खरी, पण कान इकडेच होते.

त्याच डब्यात कोळिकोडच्या एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. आम्हीही शिक्षक म्हटल्यावर त्यांनी डबाच उघडला. तिकडे शिक्षिकेला सगळे 'टीचर' म्हणतात, म्हणून आम्हीही टीचरच म्हणू लागलो. थोडी इंग्रजी, थोडी आखाती देशातल्या वास्तव्यात शिकलेली हिंदी, बाकी हातवारे. उतरताना त्यांनी बजावले, "उद्या घरी या. कुट्टिचिराच्या पळ्ळीजवळ."

कोळिकोड म्हणजे आपण ज्याला कालिकत म्हणतो ते शहर. आणि पळ्ळी म्हणजे मशीद, असे हॉटेलवाल्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी चुकलो. एकाला 'पळ्ळी' विचारले, त्याने बोट दाखवले त्या दिशेने गेलो तर समोर क्रूस! मल्याळममध्ये चर्चही पळ्ळी आणि मशीदही पळ्ळी. शेवटी कुट्टिचिराला पोहोचलो, तर मिनार आणि घुमट शोधत मशिदीसमोरूनच दोनदा पुढे गेलो. कारण तिला मिनारही नाही आणि घुमटही नाही. निळसर रंगाची लाकडी इमारत, एकावर एक चढत गेलेली उतरती कौलारू छपरे आणि पुढे मोठे चौकोनी तळे. तिकडची जुनी देवळे, वाडे यांच्याच घराण्यातली वाटते. पावसाच्या मुलखात छप्पर कसे हवे हे तिथल्या सुताराला ठाऊक होते आणि त्याने अल्लाहचे घरही तसेच बांधले.

ही मिश्काल मशीद. 14व्या शतकात नाखुदा मिश्काल नावाच्या अरब जहाजमालकाने ती बांधली. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी शहरावर हल्ला करून तिला आग लावली. पुढे 1571 मध्ये कालिकतच्या झामोरिन राजाने चालियमचा पोर्तुगीज किल्ला जिंकून पाडला आणि त्या किल्ल्याचे लाकूड या मशिदीच्या दुरुस्तीला दिले, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. राजा हिंदू, आरमाराचे सरदार कुंजाली मरक्कार मुसलमान. इतिहासाच्या पुस्तकात आम्ही हे दोन ओळींत उरकत होतो. आमच्यातली पुरुषमंडळी असरला आत गेली, बाकीच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसल्या.

टीचरच्या घराबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. घर कसले, तो वाडाच. त्याला 'तरवाड' म्हणतात. कोळिकोडच्या या कोया समाजात लग्नानंतर मुलगी सासरी जात नाही, नवरा तिच्या घरी राहायला येतो. लेकी, नाती, पणत्या एकाच छपराखाली राहतात आणि प्रत्येकीची स्वतःची खोली असते. घर बायकांच्या वंशाने चालते. टीचरचे यजमान चाळीस वर्षांपूर्वी या घरात आले. सत्तरीचे गृहस्थ, पण घरातल्या म्हाताऱ्या उम्मासाठी ते आजही 'पुतियाप्ला', म्हणजे नवा नवरदेव! जेवायला बसले की पहिली वाढ त्यांना. ते हसत म्हणाले, "चाळीस वर्षे पाहुणा आहे. भांडायची सोय नाही."

आमच्याकडे मुलगी झाली की आईबापाच्या कपाळावर हुंड्याची, जहेजची आठी पडते. इथे मुलगी झाली म्हणजे घर पुढे चालणार म्हणून आनंद. सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणणार नाही. देण्याघेण्याच्या तक्रारी त्यांच्याकडेही आहेत आणि तरवाड मोडून फ्लॅट होऊ लागलेत. टीचरची सूनही वेगळ्या शहरात राहते. तरी, एकच दीन मानणारी, एकच निकाह पढणारी माणसे दोन राज्ये ओलांडली की घर इतके वेगळे मांडतात, हे पाहून आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही.

जेवणात तांदळाच्या पिठाची पांढरी पातळ पत्तिरी, माशाचे कालवण आणि बारीक दाण्याच्या भाताची बिर्याणी. शेवटी दूध न घातलेला लिंबाचा सुलेमानी चहा. मग्रिबची वेळ झाली तशी उम्मा उठल्या आणि म्हणाल्या, "निस्कारम." थोरलीने टीचरना विचारले, म्हणजे काय? टीचर म्हणाल्या, "नमाज. आम्ही निस्कारम म्हणतो." शब्दाचे मूळ ओळखायला आम्हाला शिक्षक असण्याची गरज नव्हती. हा आपला 'नमस्कार'! रोजाला ते 'नोम्बू' म्हणतात आणि ईदला 'पेरुन्नाळ', म्हणजे मोठा दिवस. पोरगी आमच्याकडे बघत राहिली. "आणि कोणी काही म्हणत नाही?" तिने टीचरना विचारले. टीचरना प्रश्नच कळला नाही. तीनदा समजावल्यावर त्या म्हणाल्या, "काय म्हणणार? मल्याळम आमची आहे ना."

मग त्यांनी कपाटातून एक जुनी पोथी काढली. अक्षरे अरबी, भाषा मल्याळम. याला अरबी-मल्याळम म्हणतात. याच कोळिकोडच्या काझी मुहम्मद यांनी 1607 मध्ये 'मुह्यिद्दीन माला' हे काव्य या लिपीत रचले आणि पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत मग्रिबनंतर बायका ते म्हणत आल्या. उम्मांनी त्यातले थोडे म्हणून दाखवले. आम्हाला विजापूरचे सूफी आठवले. जात्यावर दळणाऱ्या बायकांनी म्हणावेत म्हणून त्यांनी दखनीत चक्कीनामे रचले होते. विजापूर आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, पण एकही चक्कीनामा आम्ही कधी वर्गात शिकवला नव्हता.

त्यानंतर दर सुट्टीत एक प्रांत, असे ठरवून टाकले. थोडे पैसे साठवायचे, स्लीपर डब्याची तिकिटे वेळेत काढायची आणि प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपेक्षा एखाद्या घरात शिरता येते का हे पाहायचे. तमिळनाडूत चार दिवसच मिळाले. तिथे नमाजला 'तोळुगै' म्हणतात आणि इफ्तारला नोन्बू कंजी, म्हणजे तांदळाची पेज पितात. हजरत पैगंबर (स.) यांच्या जीवनावर उमरू पुलवर यांनी 17व्या शतकात 'सीराप्पुराणम' हे तमिळ महाकाव्य लिहिले. नावात पुराण पाहून आम्ही थबकलो, ते मात्र थबकत नाहीत.

आसामचा प्रवास सर्वांत लांब. जाताना धाकट्याला ताप आला आणि निम्मा वेळ गुवाहाटीच्या लॉजमध्ये गेला, त्यामुळे शिवसागरजवळची आजान फकीरांची मजार पाहायची राहिली. हाजोला तेवढे जाऊन आलो. तिथे 'पोआ मक्का' नावाचे श्रद्धास्थान एका टेकडीवर, तर हयग्रीव माधवाचे देऊळ त्याच गावात दुसऱ्या टेकडीवर. लॉजच्या मालकिणीने आमच्या आजारी पोराच्या गळ्यात लाल काठाचा पांढरा गामोसा घातला. संध्याकाळी तिच्या सासऱ्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर झिकिर म्हटले. बाहेरून आलेल्या आजान फकीरांनी आधी असमिया शिकून घेतली आणि मग त्या भाषेत अल्लाहचे नाव गायले. तेही 17व्या शतकात. त्याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहीत होते. एकाच काळात चार कोपऱ्यांत चार भाषा आणि या माणसांनी एकमेकांची नावेही ऐकली नसतील. सूरह रूममध्ये भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी सांगितली आहे. ती आयत आम्ही लहानपणापासून पढतो. ती पाहायला आम्हाला गुवाहाटीपर्यंत जावे लागले.

मागच्या वर्षी काश्मीर. दाल सरोवर, शिकारा हे सगळे झालेच, त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. झेलमच्या काठची खानकाह-ए-मौला मात्र मनातून जात नाही. मीर सय्यद अली हमदानी यांच्या स्मरणार्थ सुलतान सिकंदरने 1395 मध्ये ती उभारली. ही इमारतही लाकडी, तिलाही घुमट नाही आणि छप्पर बर्फ घसरून जावे असे. कोळिकोडच्या मशिदीची उत्तरेतली बहीणच जणू. फज्रनंतर तिथे लोक मोठ्या आवाजात एकत्र औराद पढतात.

रोज सकाळी आम्ही गल्लीतल्या कांदुरकडे, म्हणजे तंदूरवाल्याकडे गिरदा आणायला जात होतो. सगळा मोहल्ला तिथे रांगेत उभा असतो. गरम भाकरी आणि ताज्या बातम्या एकदमच मिळतात. घरी आल्यावर तिच्याबरोबर मीठ घातलेला गुलाबी नून चाय. धाकट्याने पहिल्या घोटालाच तोंड वाकडे केले, चौथ्या दिवशी मागून प्यायला. तो कांदुर आमच्याशी उर्दूत बोलायचा, आपल्या म्हाताऱ्या आईशी काश्मिरीत. त्याच्या मुली आल्या की मात्र उर्दूत. आम्ही सहज विचारले, मुलींशी काश्मिरी का नाही? तो म्हणाला, "शाळेत कमी पडायला नको म्हणून घरातही उर्दूच ठेवली. आता त्यांना आजीचे अर्धे बोलणे कळत नाही." आईने आतून काहीतरी म्हटले. त्याने ते आम्हाला सांगितले नाही.

उर्दू आमची रोजीरोटी आहे, तिच्यावर आमचा जीव आहे. पण त्या भट्टीसमोर, हातात गरम गिरदा घेऊन, आम्हाला आमच्या लाल शाईची आठवण झाली. थोरलीने काही म्हटले नाही. परतताना गाडीत एवढेच विचारले, "दादी जब छोटी थी, तब क्या बोलते थे घर में?" आम्हाला माहीत नव्हते.

घरी पोहोचलो तो रात्रीचे दहा वाजले होते. दादी जाग्याच होत्या. अक्रोड, केशर, नून चायची पुडी, सगळे पुढ्यात मांडून झाले. मग थोरली त्यांच्या पायाशी बसली आणि चार वर्षांचे सगळे सांगू लागली. निस्कारम, नोम्बू, पेरुन्नाळ. आम्हाला वाटले, पाच वक्तांची पाबंद म्हातारी, हे ऐकून रागावेल. दादींनी अक्रोड फोडता फोडता मान वर केली.

"उसमें क्या होया? मेरी माँ तो रोजे कू उपासच बोलती थी. पूरा गाँव उपासच बोलता था."

थोरली हसली. आमच्याकडे पाहून म्हणाली, "अब्बा, 'उपासच'. अम्मी, ऐकलं? 'च'." मग दादीला म्हणाली, "दादी, और क्या क्या बोलते थे?" आणि आमच्या टेबलावरची तपासायच्या वह्यांची चळत बाजूला सारून एक कोरी वही घेऊन आली.