समुद्र नसलेल्या धाराशिवातून डायव्हर घड्याळाबद्दल

आपल्या धाराशिवात विहिरीला पाणी लागलं तरी पेढे वाटतात, आणि मी लिहितोय पाणबुड्यांच्या घड्याळावर! असो, हौसेला मोल नसतं.

सेकोनं १९६५ साली जपानचं पहिलं डायव्हर घड्याळ काढलं. चाहते त्याला '६२मास' म्हणतात. ऑटोमॅटिक, १७ ज्वेल्सचं, १५० मीटर खोलीपर्यंत चालणारं. जपानच्या अंटार्क्टिका मोहिमेतही हे वापरलं गेलं. सुरुवातीच्या थोड्या घड्याळांना लहान चावी होती, नंतर ती मोठी केली. लहान चावीवाल्यावर संग्राहकांच्या उड्या पडतात.

असं जुनं घड्याळ विकत घेताना आधी ते उलटं करून बघा. मागच्या झाकणावर डॉल्फिन कोरलेला असतो. पॉलिश मारून मारून तो सपाट झाला असेल, तर मला तरी फुकटातच हवं! सिरियल नंबरचा पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला 'एन', डिसेंबरला 'डी'.

जपानी घड्याळ आपल्याला परकं नाही. एचएमटीनं १९६१ साली बंगळुरात सुरुवात केली ती सिटिझनच्या मदतीनंच. जुनी सेको घेताना मात्र सांभाळून. भडक रंगात डायल नव्यानं रंगवलेल्या घड्याळांना जगभर 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ६२मासची मूळ डायल राखाडी असते. केस झिजलेली आणि डायल कोरी करकरीत दिसली, तर पाकीट खिशातच राहू द्या.

आणि हो, जुन्या रबरी वायसरच्या भरवशावर नळदुर्गच्या बोरी नदीत उतरू नका.

घरात आजोबांचं सेको असेल तर झाकणाचा फोटो टाका, महिना-वर्ष काढून देतो.