मेंडोलिनचं वय आणि मेंडोलिनचा भाव

"शंभर वर्षांचं आहे, लाकूड मुरलंय, असं मेंडोलिन पुन्हा मिळायचं नाही!" जुनं वाद्य विकणारे हे हमखास ऐकवतात आणि नवशिके खिसा रिकामा करून येतात. या एका वाक्याने किती जणांचा शिकण्याचा उत्साह घालवला असेल!

आठ पोलादी तारांचा एकूण ताण 70 ते 80 किलो भरतो. तो वर्षानुवर्षं सोसताना मान वाकते, घोडीखालची पातळ फळी खचते. कलिंगडासारख्या फुगीर पाठीची नेपोलिटन मेंडोलिनं तर यात लवकर बळी पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत या वाद्याचं वेड पसरलं आणि कारखान्यांनी ती ढिगाने बनवली, त्यामुळे ती दुर्मीळही नाहीत. बांधणी हलक्या तारांसाठीची. आजच्या जाड तारा चढवल्या की उरलासुरला जीवही जातो. मान पुन्हा बसवायचा खर्च अनेकदा वाद्याच्या किमतीहून जास्त होतो.

मग जुन्या मेंडोलिनांत लाखो डॉलर कशाचे मोजतात? गिब्सन कंपनीचा ध्वनितज्ज्ञ लॉइड लोअर याची सही असलेल्या, 1922 ते 1924 मधल्या एफ-5 मॉडेलचे. बिल मन्रोने त्यातलंच 1923 चं एक वाजवून ब्लूग्रास ही संगीतशैली घडवली. त्याच कारखान्यात, त्याच वर्षांत बनलेलं लंबगोल भोकाचं साधं ए मॉडेल त्या भावाच्या अगदी लहानशा अंशात मिळतं. वय सारखंच आहे ना? म्हणजे भाव घडणीचा आणि नावाचा आहे. जुनंच हवं असेल, तर सरळ मानेचं असं ए मॉडेल शोधा. त्याची फळी कोरलेली असते आणि आवाज भरदार.

मुरलेल्या आवाजावर तरीही विश्वास असेल, तर व्हायोलिनचा प्रयोग पाहा. 2010 मध्ये इंडियानापोलिसला संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी 21 वादकांना, वाद्य ओळखता येणार नाही अशा बेताने, नवी व्हायोलिनं आणि स्ट्राडिवारी-ग्वार्नेरींची जुनी व्हायोलिनं वाजवायला दिली. घरी न्यायला आवडेल म्हणून 13 जणांनी नवं निवडलं.

बाकीचे समज थोडक्यात. एफ मॉडेलच्या खांद्यावरची लाकडी वेलांटी आवाज वाढवत नाही, मजुरी वाढवते. तेवढ्याच पैशांत ए मॉडेल सरस मिळतं. नवं स्वस्त म्हणजे खेळणं, हेही खरं नाही: ईस्टमन आणि केंटकी यांची अखंड लाकडातून कोरलेल्या फळीची ए मॉडेल्स आवाक्यातली आहेत. प्लायवूडची मात्र टाळा. वरच्या पडद्यांवर बेसूर वाजतं म्हणून वाद्य टाकूही नका. घोडी चिकटवलेली नसते, बरेचदा ती सरकवली की काम होतं.

पैसे देण्याआधी मानेवर सरळ पट्टी ठेवून पाहा. बाराव्या पडद्यावर तार दाबायला जोर लागत असेल, तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा, तो किमतीत मिळवा आणि मगच भाव करा.