पत्र अडते कोठे?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी, शेतकऱ्याचा मुलगा, शिष्यवृत्तीचा अर्ज ई-मेलने पाठवायला बसला. संगणकावर ‘थंडरबर्ड’ हे टपालाचे सॉफ्टवेअर होते. पत्र पाठवू लागले की ते पासवर्ड विचारी. दिला की पुन्हा विचारी. पोराने दहादा टाईप केला, घाबरून दोनदा बदलला आणि शेवटी ‘गेला असेल’ म्हणून घरी गेला. अर्ज मसुद्यांच्या खणातच पडून होता. मुदत टळली. मी शेजारच्याच खोलीत होतो, याची चुटपुट अजून आहे.

पासवर्ड बरोबर होता. तो दाखविण्याची रीत चुकत होती. २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस गूगलने खाजगी जीमेल खात्यांना बाहेरच्या सॉफ्टवेअरातून नेहमीच्या पासवर्डवर प्रवेश देणे थांबविले. आता ‘ओऑथ-२’ नावाची पद्धत लागते. म्हणजे ओळख गूगलच्याच पानावर पटवायची. मग गूगल थंडरबर्डच्या हाती परवान्याची चिठ्ठी देते. ही पद्धत सर्व्हरच्या सेटिंगमध्ये निवडावी लागते, आणि थंडरबर्डमध्ये ‘कुकीज’ बंद असतील तर चिठ्ठी मिळतच नाही.

इथेच खरी मेख आहे. कचेरीत आवक आणि जावक अशी दोन टेबले असतात ना, तशी येथेही आहेत. पुष्कळजण आवकेची सेटिंग बदलतात, जावकेची विसरतात. मग पत्रे येतात, पण जात नाहीत. आमच्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले होते. तेव्हा पत्र अडले की पहिला प्रश्न हा: अडले ते येताना की जाताना?

खेड्यातल्या शाळांत आणखी एक भानगड आढळते. संगणकाच्या पोटात नाण्याएवढा सेल असतो. तो संपला, वीज गेली, की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ असे संगणकाला वाटते आणि तो जोडणी नाकारतो. गुरुजी बिचारे इंटरनेटवाल्याला बोल लावतात! आधी तारीख पाहा.

पत्र परत आले तर त्यातला आकडा वाचा. पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती. सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, बहुधा चार-पाच दिवस. ५ असेल तर त्याने हात टेकले. ‘५५० ५.१.१’ म्हणजे त्या पत्त्यावर तशी पेटीच नाही; बहुधा एखादे अक्षर चुकलेले असते. तेच पत्र पुन्हा धाडून उपयोग नाही.

कधी पत्रे आलेली असून दिसत नाहीत, किंवा एकावर टिचकी मारली की दुसरेच उघडते. तेव्हा पत्रे बहुधा शाबूत असतात. बिघडलेली असते ती अनुक्रमणिका. थंडरबर्ड प्रत्येक खणासाठी ती वेगळ्या फाईलीत ठेवते. वीज अचानक गेली की ती अर्धवट राहू शकते. खणावर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ दाबले की अनुक्रमणिका नव्याने तयार होते. मात्र आधी सर्व टपालाची एक प्रत पेनड्राईव्हवर काढून ठेवावी, हे मी माझ्या खर्चाने शिकलो.

याच थंडरबर्डमध्ये वृत्तगट, म्हणजे न्यूजग्रुप, वाचता येतात. तेथे मात्र आकड्यांचा हिशेब निराळा. ‘४२३’ किंवा ‘४३०’ आले तर तो लेख त्या सर्व्हरवर नाही. पुष्कळदा तो मुदत संपून काढून टाकलेला असतो. आपल्या यादीत तेवढे नाव उरते. तेथे वाट पाहू नये. दुसऱ्या सर्व्हरवर शोधावा, कारण कोणी लेख महिनाभर ठेवतो, कोणी वर्षानुवर्षे.