आकाशातलं जाळं, जमिनीतल्या गाठी

मार्च २०२२. कझाकस्तानातल्या बैकोनूर तळावर सोयुझ रॉकेट उभं होतं. त्याच्या शेंड्याला वनवेब कंपनीचे ३६ उपग्रह. युक्रेनवरच्या हल्ल्याला आठवडाही झाला नव्हता. रॉकेटवर भागीदार देशांचे झेंडे होते. त्यांतले अमेरिका, ब्रिटन आणि जपानचे झेंडे कामगारांनी झाकून टाकले. भारताचा तसाच ठेवला. मग रशियाच्या अंतराळसंस्थेने अटी घातल्या: उपग्रह लष्करासाठी वापरणार नाही अशी हमी द्या आणि ब्रिटिश सरकारने कंपनीतला हिस्सा विकावा. कंपनी नमली नाही. रॉकेट तळावरून हटवलं गेलं, उपग्रह तिथेच अडकले.

उपग्रहावरून इंटरनेट मिळालं की डोंगर, समुद्र आणि सरहद्दी यांचा अडसर संपतो, असा आपला समज असतो. वनवेबचा प्रवास पाहिला की या जाळ्याच्या गाठी जमिनीवर किती ठिकाणी मारलेल्या आहेत ते कळतं.

दूरचित्रवाणीचे जुने उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर एकाच जागी स्थिर भासतात. तिथून प्रश्न जाऊन उत्तर परत येईपर्यंत प्रकाशालाही जवळपास अर्धा सेकंद लागतो. फोनवर दोघं एकमेकांचं बोलणं तोडत राहतात. वनवेबचे उपग्रह १,२०० किलोमीटरवर आहेत. तिथे हाच फेरा, उपग्रह डोक्यावर असेल तर, सेकंदाच्या साठाव्या भागात होतो. पण इतक्या खालचा उपग्रह एका जागी थांबत नाही. सुमारे ११० मिनिटांत तो पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो आणि आपल्या डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो. म्हणून ध्रुवांवरून जाणाऱ्या १२ कक्षांत शेकडो उपग्रह एकामागोमाग सोडावे लागले. प्रत्येकाचं वजन सुमारे १५० किलो. विषुववृत्ताजवळ आल्यावर ते आपलं तोंड थोडं कलतं करतात, म्हणजे वरच्या स्थिर उपग्रहांच्या लहरींत व्यत्यय येत नाही.

पहिल्या पिढीचे हे उपग्रह एकमेकांशी बोलत नाहीत. ग्राहकाची अँटेना आणि जमिनीवरचं गेटवे केंद्र, दोन्ही एकाच वेळी उपग्रहाच्या टप्प्यात असावी लागतात. आकाशातून आलेला संदेश अखेर गेटवेच्या फायबरमध्येच उतरतो. सरकारांना ही रचना सोयीची वाटते, कारण आपल्या देशातली माहिती आपल्याच भूमीवर उतरवता येते. भारतासाठी मेहसाणा आणि तमिळनाडूत अशी केंद्रं उभारली गेली.

वनवेब घरोघरी जोडण्या विकत नाही. जिथे चर खणून फायबर नेणं परवडत नाही तिथला मोबाइल टॉवर, जहाज, विमान, खाण, सरहद्दीवरची चौकी हे तिचे ग्राहक. दरीतल्या गावात लोकांच्या हातात नेहमीचाच फोन असतो. टॉवरपासून पुढचा रस्ता मात्र आकाशातून जातो.

ग्रेग वायलर यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचे पहिले सहा उपग्रह फेब्रुवारी २०१९ मध्ये उडाले. वर्षभरात पैसा आटला. मार्च २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली तेव्हा ७४ उपग्रह वर फिरत होते. ब्रिटिश सरकार आणि भारती समूहाने प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून कंपनी वाचवली.

बैकोनूरचा दरवाजा बंद झाल्यावर श्रीहरिकोट्याचा उघडला. २३ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री इस्रोचं एलव्हीएम३ रॉकेट पहिल्यांदाच व्यावसायिक कामगिरीवर निघालं. वरच्या टप्प्याने दर वेळी दिशा बदलत चार-चार करून नऊ खेपांत ३६ उपग्रह सोडले, म्हणजे ते एकमेकांवर आदळू नयेत. या रॉकेटच्या बूस्टरची पोलादी कवचं घडवण्यात वालचंदनगरचा आणि विकास इंजिनांत विक्रोळीच्या गोदरेजचा वाटा आहे. २६ मार्च २०२३ रोजी आणखी ३६ उपग्रह गेले. संख्या ६१८ झाली, जगभर पोचण्याइतकी. त्याच सप्टेंबरात कंपनी फ्रान्सच्या युटेलसॅटमध्ये विलीन झाली.

बैकोनूरच्या त्या ३६ उपग्रहांवाचून जाळं पूर्ण झालं, कारण दुसरीकडे रॉकेट तयार होतं. ते घडवणारे हात आपल्याकडे अनेक दशकांच्या मेहनतीतून तयार झाले होते. दरीतल्या त्या टॉवरला आकाश जोडायचं असेल, तर रॉकेटचा तळ, गेटवे आणि कारखाना ही जमिनीवरची कामं आधी आपल्या हाती हवीत.