मुलांच्या ऑनलाइन खेळभेटी : भोंगा वाजायच्या आधीचा अर्धा तास

कडेगाव तालुक्यात मुलं आणि मोबाइल हा विषय निघाला, की पहिलं नाव येतं मोहित्यांच्या वडगावचं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी ठरवलं : संध्याकाळी सातला भैरवनाथ मंदिरावरचा भोंगा वाजला, की टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठपर्यंत अभ्यास, वाचन, एकमेकांशी गप्पा. कोरोनात शाळेसाठी हातात आलेला फोन शाळा भरू लागल्यावरही सुटेना, म्हणून हा उपाय. त्याचं कौतुक सगळीकडं झालं, आम्हीही करतो.

पण याच भागाची दुसरी बाजू बघू. कडेगाव, खानापूर, आटपाडी इथली कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी परराज्यांत आहेत. तमिळनाडूत वाढणारं पोर दिवाळीला गावी येतं, तेव्हा चुलतभाऊ त्याला अनोळखी असतात. पहिले दोन दिवस ते आईचा पदर सोडत नाही. जरा खेळ रंगायला लागला, की परतीची गाडी. अशा पोराला फोन तोडून कसं चालेल?

म्हणून फोन किती वेळ, याच्या जोडीनं फोनच्या पलीकडं कोण आहे, हेही विचारलं पाहिजे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचना दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच म्हणतात. सूट आहे ती नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलची. कारण साधं आहे. व्हिडिओ एकटाच बोलत राहतो. आजी मात्र बाळ हसलं की हसते.

आता अनुभव सगळ्यांचाच आहे : कॉल लावला, ‘बोल, दादाशी बोल’ म्हटलं, की पोरगं गप्प. त्यात त्याचं काही चुकत नाही. लहान मुलं समोरासमोर बसून गप्पा मारत नाहीत, ती काहीतरी करता करता बोलतात. त्यामुळं कॉलला काम लागतं, खेळ लागतो.

खेळ निवडताना एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवू. आवाज थोडा उशिरा पोचतो आणि दोघं एकदम बोलले, की एकाचं कापलं जातं. म्हणून पाळीपाळीनं खेळायचे खेळ चालतात. नाव-गाव-फळ-फूल, गावांच्या नावांच्या भेंड्या, कोडी, मुक्यानं हातवारे करून ओळखायला लावणं. धाकट्यांसाठी ‘घरातली लाल वस्तू शोधून आण’ हा खेळ उत्तम. त्यात पळायलाही मिळतं. दोघांनी एकच चित्र काढून शेवटी दाखवलं, तरी पुष्कळ झालं.

बाकी पथ्यं थोडीच. मुलं दोन किंवा तीन. जास्त झाली की दांडगं पोर बोलतं आणि बुजरं मागं राहतं. फोन हातात न देता डब्याला टेकवून ठेवायचा, म्हणजे हात मोकळे. मोठ्या माणसानं कानाच्या टप्प्यात असावं, पण मधे बोलू नये. वेळ वीस-पंचवीस मिनिटं, वार ठरलेला. सहाला सुरू केलं, तर साडेसहाला संपतं आणि सातच्या भोंग्यालाही धक्का लागत नाही. शेवटी ‘पुढच्या वेळी काय खेळायचं?’ हे मुलांनीच ठरवावं.

शेजारी मित्र असेल, तर मात्र पोराला सरळ अंगणात सोडा. मातीतल्या खेळाची जागा कॉल घेऊ शकत नाही, घेऊही नये. जिथं अंगण आठशे-हजार किलोमीटर लांब आहे, तिथं मात्र तो ओळख टिकवतो, आणि मराठी बोलण्याची सवयसुद्धा.

उपयोग झाला का, हे कळायला फार थांबावं लागत नाही. पुढच्या सुट्टीत पोर गाडीतून उतरल्या उतरल्या कुणाला हाक मारतं, एवढं बघा.